मेणाच्या वडीतली गाठ

मित्रांनो, नाकं मुरडू नका! मी काखेतली एक जुनी लसिकागाठ आहे, अंगात शिरणाऱ्या जंतूंना अडवणारी चौकी. एका शिंपीणबाईच्या उजव्या काखेत माझा जन्म गेला. आता प्रयोगशाळेच्या कपाटात, मेणाच्या वडीत बसले आहे आणि माझा राग अजून गेलेला नाही.

माझ्या घरात शिस्त होती. कडेला बी पेशी नावाच्या शिपायांच्या गोल वस्त्या, त्यांच्या आतल्या अंगाला टी पेशी नावाचे दुसरे शिपाई, अगदी मधे जंतू गिळणाऱ्या पेशी. कुणी कुणाची हद्द मोडत नसे. बाईच्या बोटात गंजकी सुई घुसली, बोट पिकलं, तेव्हा आम्हीच लढलो. लढताना मी लिंबाएवढी सुजले. एवढाच माझा गुन्हा! तपासायला म्हणून मला कापून काढलं.

प्रयोगशाळेतल्या मदतनिसानं मला मधोमध चिरायचं सोडून कडेचाच तुकडा घेतला, कारण साच्यात मी मावेना. मग बी पेशींना तपकिरी रंग चढवला. कडेला दुसरं कोण असणार? पण मोठ्या डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकातून बघून म्हणाल्या, "सगळीकडे बी पेशीच पसरल्यात. कॅन्सर दिसतोय."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मी आतल्या आत जळत होते, पण गाठीचं ऐकतं कोण?

दुसऱ्या दिवशी ते कानावर गेल्यावर शिंपीणबाईची नणंद प्रयोगशाळेच्या खिडकीशी येऊन कडाडली, "वहिनीच्या बोटात सुई गेली होती, ते विचारलंत का कुणी? की बसल्या जागी माणूस मारता?"

"आवाज खाली, बाई!" डॉक्टरीणबाईही तडकल्या. "सुईचं मला कुणी बोललंच नाही!" मग मदतनिसावर वळल्या, "हा काप कुठनं घेतलास रे?"

"कडेचा, मॅडम. साच्यात मावत नव्हती."

"अरे कर्मा! म्हणजे नुसतं कुंपण बघून मी घराचा निकाल देत होते? उरलेली गाठ आण!"

मला मधून चिरलं. टी पेशींना वेगळा रंग दिला. जो तो आपापल्या जागी होता. कॅन्सर नव्हता.

शिंपीणबाई नणंदेच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "मेली गाठ! जिवावरच उठली होती माझ्या. बरं झालं कापली."

मी जिवावर उठले होते? मी?

मित्रांनो, सुई टोचली तर बोट धुवा आणि डॉक्टरांना सांगा. तिच्या काखेत माझ्या बहिणी अजून राबताहेत. उद्या त्या सुजल्या, तर आधी त्यांना विचारा, "बायांनो, कुणाशी लढताय?" शिव्या मग द्या.