इंजिन थंड होईपर्यंत

तिने बॉनेटवर तळहात ठेवला आणि विचारलं, "आज गाडी बाहेर काढली होती का?"

"छे हो!" कंत्राटदार तिच्याऐवजी तिच्या भावाकडे बघत म्हणाला. "कितीतरी दिवस इथेच उभी आहे. चालवायला वेळ कुणाला आहे?"

"मग बॉनेट गरम कसं?"

"उन्हानं तापलं असेल, ताई."

गाडी पत्र्याच्या शेडखाली होती. तिने वर पत्र्याकडे बघितलं, मग कंत्राटदाराकडे. "असेल. थंड होऊ दे मग. मी थांबते."

सिमेंटच्या गोण्यांशेजारी एक प्लॅस्टिकची खुर्ची होती. खुर्ची झटकून ती बसलीसुद्धा. तिच्या दादाचा चेहरा पडला. तो इलेक्ट्रिशियन होता आणि या कंत्राटदाराच्या इमारतींचं वायरिंग गेली काही वर्षं तोच करत होता. 'माझी बहीण गाडी शोधतेय' असं तो सहज बोलून गेला होता, आणि कंत्राटदारानं 'अरे मग बाहेर कशाला शोधतोस, घरचीच गाडी समज' म्हणत विषय संपवला होता. दादाच्या लेखी सौदा तिथेच झाला होता. आज नुसतं येऊन किल्ली घ्यायची होती.

ती फिजिओथेरपिस्ट होती. पडून हाड मोडलेल्या, अर्धांगवायूनं एक बाजू गेलेल्या माणसांना घरी जाऊन पुन्हा उभं करायचं, चालवायचं. गुंडाळलेली गादी, वजनं आणि शेक द्यायचं यंत्र घेऊन बस बदलत फिरता फिरता तिचेच खांदे भरून यायला लागले होते. चाळिशी उलटलेली, घरात एकटी. त्यामुळे ती काही मोठं करायला निघाली, की 'तू राहू दे, मी बघतो' हे दादाचं वाक्य ठरलेलं.

या खेपेला तिने ते ऐकलं नव्हतं. तिच्या पेशंटांमध्ये एक गॅरेजवाले काका होते, खांदा आखडलेले. हात वर करताना कळ आली की ते गाड्यांबद्दल बोलायचे. त्यांना तिने विचारलं होतं, माझ्याबरोबर गाडी बघायला याल का?

"मी आलो तर विकणारा माझ्याशी बोलेल, तुमच्याशी नाही," काका म्हणाले होते. "त्यापेक्षा कुठे बघायचं ते सांगतो. आणि एक ध्यानात ठेवा, गाडी आधी गरम करून ठेवली असेल तर काहीतरी झाकायचंय. थंड इंजिन खोटं बोलत नाही."

मग त्यांनी तिला गॅरेजमधल्या दोन जुन्या गाड्यांखाली अक्षरशः आडवं व्हायला लावलं होतं.

"चहा सांगू का?" कंत्राटदारानं दादाला विचारलं.

"नको, नको," दादा म्हणाला आणि तिच्या कानाशी वाकला. "काय चाललंय तुझं? लाज आणतेस."

"गाडी कोण घेतंय, दादा?"

"तूच. पण तुला त्यातलं काय कळतं?"

"बघू की, काय कळतं ते."

नुसतं बसून राहण्यापेक्षा ती उठली आणि गाडीभोवती फिरायला लागली. पुढची चाकं बाहेरून बरी दिसत होती. तिने आत हात घातला तर टायरची आतली कड पार गुळगुळीत झालेली. दारं एकेक उघडून लावली. पुढची अलगद लागली. मागचं डावं दार मात्र खांद्यानं रेटावं लागलं, आणि त्याच्या कडेची फट वर बोटभर तर खाली नखाएवढी. आत बसल्यावर अत्तराचा भपकारा आला. मीटरवरचा आकडा इतका कमी, की गाडी जणू फक्त लग्नकार्याला बाहेर काढत असावेत, पण क्लचच्या पेडलवरचं रबर घासून आतलं लोखंड चमकत होतं.

"ही गाडी तुमच्या नावावर आहे?" तिने विचारलं.

"माझ्या ओळखीतल्याची. तो बाहेरगावी असतो. कागदांची काळजी करू नका, तुमचा भाऊ माझा माणूस आहे." कंत्राटदार हसला. दादाही हसला, पण त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

तिने डिकी उघडली. आतली चटई नवी कोरी होती आणि कडेनं चिकटवलेली होती. तिने कोपरा धरला.

"अहो, ताई, ती काढू नका. फाटेल."

"फाटली तर नवी देईन."

चर्रकन चटई निघाली. ती गुडघे टेकून वाकली, तेव्हा दादानं तोंड फिरवलं. खालच्या पत्र्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड, ओबडधोबड वेल्डिंगची रेघ गेली होती. वरून राखाडी रंग फासला होता, आणि तरी बोट फिरवलं की व्रणासारखी हाताला लागत होती. रेघेच्या अलीकडचा पत्रा एका रंगाचा, पलीकडचा दुसऱ्याच. काकांनी हेही सांगितलं होतं: अपघातात मागून चेपलेली गाडी कापतात, दुसऱ्या गाडीचा मागचा भाग आणून जोडतात. दिसायला अख्खी. पुन्हा धडक बसली की त्या रेघेवर दुभंगते, आणि मागे बसलेल्यांचं काही खरं नसतं.

"दादा, इकडे ये," ती म्हणाली. "हात लाव."

दादा आला. त्यानं हात लावला. आयुष्यभर वायरींचे जोड तपासणारा माणूस तो. जोड कच्चा की पक्का हे त्याला सांगावं लागत नव्हतं.

"जुनी गाडी म्हटली की थोडंफार असतंच," कंत्राटदार म्हणाला. "म्हणून तर स्वस्तात देतोय. नको तर नका घेऊ. जबरदस्ती नाही."

"नकोच," ती उठून गुडघे झटकत म्हणाली.

एवढ्यावर सगळे आपापल्या घरी गेले असते. पण तेवढ्यात फाटकातून एक जोडपं आत आलं. बाईच्या खांद्यावर मूल झोपलं होतं. नवरा संकोचून म्हणाला, "गाडी बघायला आलो. फोन केला होता."

"या, या!" कंत्राटदारानं डिकी खाली ओढून बंद केली. "कितीतरी दिवस इथेच उभी आहे. घरचीच गाडी समजा."

दादानं तिचा दंड धरला. "चल. आपलं काम झालं." आणि मग अगदी हलक्या आवाजात, "माझ्या पोटावर पाय देऊ नकोस."

ती थांबली. दादा असं का म्हणतोय हे तिला पुरतं माहीत होतं. वहिनी, घर, पुढच्या इमारतीचं काम. त्या बाईनं मूल एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं आणि मागच्या सीटवर वाकून पाहिलं, कुठे बसता येईल ते.

तिने दंड सोडवून घेतला.

"डिकीतली चटई उचलून बघा," ती त्या जोडप्याला म्हणाली. "गाडी मागून कापून जोडलेली आहे. मागे बाळाला घेऊन बसायची नाही ही."

"ओ बाई!" कंत्राटदार ओरडला. "तुमचा काय संबंध? तुम्हाला नको ना? मग चालू लागा!"

"चालू लागतेच. त्यांनी बघितलं की."

"तुझ्या बहिणीला आवर," तो दादाला म्हणाला, "नाहीतर उद्यापासून माझ्या कामावर पाऊल ठेवू नकोस."

"त्याला कशाला मध्ये घेता? बोललेय मी," ती म्हणाली. "आणि पुन्हा बोलेन. फाटकाबाहेर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन."

त्या नवऱ्यानं डिकी उघडली. चटई बाजूला सारून त्या रेघेवर हात फिरवला. मग त्यानं बायकोला हाक मारली आणि दोघं फाटकाबाहेर पडली. जाताना बाईनं तिच्याकडे वळून पाहिलं.

दादा घरापर्यंत एक शब्द बोलला नाही. नंतरही नाही. पुढच्या इमारतीचं वायरिंग खरोखरच दुसऱ्याला गेलं. वहिनी न्हाणीघरात नळ सोडून, दबक्या आवाजात फोन करायची: "ताई, तुम्ही बरोबर केलंत हो. पण घरात तुमचं नाव काढायची सोय नाही." तिला वाईट वाटायचं, जेवण जायचं नाही. पण तो प्रसंग मनात कितीही उलटासुलटा केला, तरी त्या फाटकात ती गप्प उभी आहे असं चित्र काही तिला जमेना.

गाडी तिला मिळाली चष्म्याच्या दुकानातल्या बाईंकडे. "लोकांचे नंबर काढता काढता माझेच डोळे गेले," बाई म्हणाल्या. "संध्याकाळी समोर बस आहे की भिंत, कळत नाही. म्हणून विकतेय. डावी काच खाली जात नाही. रेडिओ त्याच्या मनात येईल तेव्हा लागतो. बाकी तुम्ही बघा."

तिने बघितलंच. बॉनेट गार होतं. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं, धूर आला नाही. ऑइल, टायर, डिकीचा तळ, सगळं पाहिलं. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग सैल सोडून बघितलं, करकचून ब्रेक दाबला. चासीवर कोरलेला नंबर कागदाशी ताडला, गाडीवर कर्ज नाही ना ते विचारलं, आणि कागद नावावर झाल्याशिवाय पैसे देणार नाही हेही सांगून टाकलं. बाईंनी आधी जरा नाक मुरडलं, मग हसून म्हणाल्या, "बघा, बघा. माझ्याकडेही कोणी घालून न बघता चष्मा घेत नाही."

गाडी फिकट हिरवी होती, उन्हानं विटलेली. ती तिने दारात लावली आणि कुणालाच फोन केला नाही.

एका सकाळी ती गादी आणि वजनं मागच्या सीटवर ठेवत असताना दादा समोर येऊन उभा राहिला. हातात हत्यारांची पेटी. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका दवाखान्याचं काम मिळालंय म्हणाला, नवीन कंत्राटदाराचं, छोटंसंच.

"तू त्या दिवशी चूक केलीस, असंच वाटतं मला अजून," तो म्हणाला.

"वाटू दे," ती म्हणाली. "मी पुन्हा तेच करेन."

तो चाकांकडे बघत राहिला. मग वाकून, सवयीनंच, टायरच्या आतल्या कडेला बोट लावलं.

"बस," ती म्हणाली. "पण कुठे वळायचं आणि कधी ब्रेक मारायचा, ते मला सांगायचं नाही."

"मी कुठे काय म्हणालो?"

"अजून बसला नाहीस म्हणून."

दादा पेटी मांडीवर घेऊन बसला, काच खाली करायला गेला, ती जाईना. तोंड उघडलं आणि मिटलं. तिने गाडी गिअरमध्ये टाकली.