जिल्ह्याला घर

माझं माहेर राजुऱ्याचं. आमच्याकडे जिल्हा म्हणजे चंद्रपूर. लग्न होऊन राज्याच्या हद्दीपलीकडे वांकिडीला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "तुहा सासरा जिल्ह्याले गेला, सांजच्याले येईन." मी मनात म्हटलं, हा माणूस चंद्रपूरला कशाला गेला, मानपानाचं काही राहिलं की काय. सासरे, म्हणजे चंपतराव, परतले ते आदिलाबादची बालूशाही घेऊन. तेव्हा उलगडा झाला. वांकिडीत कोर्ट, दवाखाना, सोनं, चष्मा, सगळं आदिलाबादला आणि आदिलाबादचं नावच जिल्हा. सासूबाईंच्या तोंडून 'आदिलाबाद' हा शब्द मी क्वचितच ऐकला असेल.

सासूबाईंचं नाव जयवंताबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणते. माझा नवरा व्यंकटेश इथल्या सरकारी शाळेत मराठीचा मास्तर, म्हणून सारं गाव त्याला मास्तर म्हणतं आणि हळूहळू मीही म्हणायला लागले. पुढं जे झालं ते सांगताना मला राग यायला हवा, पण येत नाही. हातावर डोकं ठेवून झोपलं की सकाळी तो हात आपला वाटत नाही, तसं काहीसं झालंय.

दोन हजार सोळाच्या दसऱ्याला सरकारनं आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे केले. आमची वांकिडी आसिफाबादच्या तुकड्यात गेली. त्या वर्षी माणसं आपट्याचं पान हातात देऊन "सोनं घ्या" म्हणायची आणि त्याच दमात विचारायची, "मंग, प्लॉट कुठं घेतला?" आसिफाबादला कलेक्टर बसणार, एसपी बसणार, म्हणजे जमीन सोन्याची होणार, हे पानठेल्यावरच्या पोरालाही ठाऊक झालं होतं. जो तो रस्त्याकडच्या रानाकडे बघून मान डोलवायचा.

सासरे वारून वर्ष झालं होतं. आत्याबाईंच्या नावावर एक वावर होतं, त्यांच्या बापानं दिलेलं, हमरस्त्याला लागून. एक दिवस जेवताना त्या म्हणाल्या, "व्यंकट्या, माहं वावर इकून टाक. आन् जिल्ह्याले घर घे."

मास्तरांचा घास हातातच राहिला. आपल्या आईनं काही मागितलेलं त्यांना आठवतच नव्हतं.

"कुठं म्हनतं, माय?"

"म्हनलं ना, जिल्ह्याले. गावाच्या मधात पाह्यजे. बाजार पायाखाली पाह्यजे. लहान असलं तरी चालते."

"जिल्ह्यालेच घेतो," मास्तर म्हणाले. "म्या बी थेच म्हनून राह्यलो होतो."

दोघं एकच शब्द बोलले आणि दोघांचंही समाधान झालं. मी समोर भाकरी वाढत होते. मलाही काही वावगं वाटलं नाही, कारण तोवर शाळेच्या पत्रांत, बसच्या पाट्यांवर, सगळीकडे जिल्हा म्हणजे आसिफाबाद झालं होतं. मास्तर तर पोरांना तसं पाठच करायला लावत होते.

मग आमचे रविवार वेंचर बघण्यात गेले. शेत सपाट करून, लाल मातीचे रस्ते आखून, पांढरे दगड रोवले की त्याला इथं वेंचर म्हणतात. वर रंगीत झेंड्या आणि पुढं कमान. कमानीवर राजवाड्याचं नाव आणि आत म्हशी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. नरसिंगराव नावाचे दलाल आम्हाला स्वतःच्या गाडीतून न्यायचे, चहा पाजायचे आणि हिंदीत सांगायचे, "मास्टरसाब, अभी जंगल दिखता. पाँच साल रुको, सेंटर इधरीच आता." मास्तर दगडावर उभे राहून चारी दिशांना बघायचे. बाजार कुठं, दवाखाना कुठं, हे त्यांना त्या मोकळ्या रानात दिसायला लागलं होतं. आईनं 'मधात' म्हटलेलं ते विसरले नव्हते. त्यांनी फक्त अजून न झालेल्या गावाचा मध धरला, आणि वावर विकून तिथं प्लॉट घेतला.

मी म्हटलं, आत्याबाईंना एकदा दाखवून आणू. मास्तर म्हणाले, "भूमिपूजनालाच नेऊ. पाहून खूश होईन." त्याही कधी चल म्हणाल्या नाहीत. विचारायच्या फक्त एवढंच, "जिल्ह्यालेच घेतलं ना?" मास्तर म्हणायचे, "हो माय, कलेक्टर ऑफिसच्या रस्त्यावर." आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीचा रस्ता आत्याबाईंना पाठ होता, त्यामुळं त्यांचा चेहरा उजळायचा.

भूमिपूजनाच्या दिवशी आम्ही सकाळची आदिलाबादची बस धरली. ती आसिफाबादवरूनच जाते. आत्याबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पिशवीत कुंकू, सुपारी, नारळ घेतला होता. शिवाय एका डब्यात शेवया होत्या. पूजेला शेवया कशाला, असं मला वाटलं, पण विचारलं नाही. आसिफाबादचा स्टँड आला. आम्ही उठलो. त्या खिडकीशी बसूनच राहिल्या.

"माय, उतर," मास्तर म्हणाले.

"बस ना रे. लय दूर हाये अजून. उटनूर बी नाही आलं."

"उटनूर कायले? आलं आपलं."

"जिल्ह्याले जायाचं ना?"

"हाच जिल्हा हाये, माय."

कंडक्टर तेलुगूत ओरडायला लागला, मागची माणसं ढकलायला लागली. आत्याबाईंनी मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, आणि उतरल्या. प्लॉटवर त्यांनी दगडाला कुंकू लावलं, सुपारी मांडली, नारळ फोडला, सगळं यथासांग केलं. नरसिंगरावांनी विचारलं, "अम्मा, कैसा है?" त्या म्हणाल्या, "चांगली जागा हाये." मास्तर हसले. त्यांनी ते खरंच मानलं, याचं मला आजही नवल वाटतं. शेवयांचा डबा तसाच परत आला.

संध्याकाळी घरी मी त्यांच्याजवळ बसले आणि शेवया कोणासाठी होत्या ते विचारलं.

"बयनासाठी," त्या म्हणाल्या.

बयनाबाई ही त्यांची धाकटी बहीण. आदिलाबादच्या बाजारातल्या गल्लीत राहायची. नवरा शिंपी होता, तो कधीच गेला, मूलबाळ नाही. मी तिला दोन-तीन लग्नांत पाहिलं होतं. डोळ्यांनी अधू आहे, एवढं ठाऊक होतं. आता कळलं की डोळे पुरते गेले होते. त्यात बाजाराचा रस्ता रुंद झाला आणि तिच्या घराची पुढची खोली त्यात गेली. उरलेली पट्टी तिनं शेजारच्या कापडवाल्याला देऊन टाकली होती, कारण मोठी बहीण जिल्ह्याला घर घेणार होती. दोघींचं तसं ठरलं होतं. लग्नं झाल्यापासून दोघी एका छपराखाली कधी राहिल्या नव्हत्या.

"तुमी आधी काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं. माझ्याही तोंडी आता इकडचीच भाषा येते.

"लेकाच्या घरात बहीन आनतो म्हनून कसं सांगू? घर झालं असतं तं सांगतलं असतं. वावर माहं होतं."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, काहीच नव्हतं. त्यांनी पाय जवळ घेतले आणि भिंतीला टेकून बसल्या. मी मास्तरांना जाऊन सगळं सांगितलं. ते बराच वेळ चपला घालून अंगणात उभे होते.

मास्तर वाईट नाहीत. त्यांनी आदिलाबादला चकरा मारल्या. पण वावराचा पैसा प्लॉटात गुंतला होता. नरसिंगराव म्हणायचे, "अभी नहीं, दो साल रुको." भाव तोडून विकला असता तरी त्यात आदिलाबादच्या बाजारात पायखान्याएवढी जागा आली नसती. रस्ता रुंद झाल्यावर तिथं जुन्या घरांच्या जागी गाळे उभे राहत होते आणि राहायचं घर विकत कोणी देत नव्हतं. गावाबाहेर मिळत होतं. पण तिथं बाजार पायाखाली नव्हता. शेवटी मास्तर म्हणाले, "मावशीलेच आसिफाबादले आनू. घर बांधतो, दोघी राहा." मला ते पटलं. आत्याबाई म्हणाल्या, "तिले इचारा लागते."

विचारायला आम्ही दोघी गेलो. बाजार मला ओळखू आला नाही. मधे दुभाजक, दोहों बाजूंना काचेची दुकानं. त्या झगमगाटात एका घराला पुढची भिंतच नव्हती. हिरवी ताडपत्री बांधली होती आणि तिच्याआड बयनाबाई एका बोचक्यावर बसल्या होत्या. सामान बांधून तयार होतं. चाहूल लागताच म्हणाल्या, "जयवंता?"

"हो."

"झालं का घर? कोन्या गल्लीत?"

आत्याबाईंनी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. आसिफाबाद म्हटल्यावर बयनाबाईंनी दुसऱ्या हातानं बोचक्याची गाठ चाचपली. मी घाईघाईनं म्हटलं, मावशी, तुमीबी या, मोठी खोली करून राह्यलो, मास्तरांनीच सांगतलंय.

"तू चांगली हायेस, बाई," त्या म्हणाल्या. "पन अठी मले भाजीवाली वळखते, पीठवाला वळखते. गल्लीतला कोनता धोंडा हालते, मले ठावं हाये. रस्ताच तेवढा नवा झाला, थो पार करून देनारं कोनी पाह्यजे. तठी तं मी नुसती आंधळी होईन."

त्या आवाज न चढवता बोलल्या. मग म्हणाल्या, "जा तुमी. माहं कायी बी होते."

आत्याबाई उठल्या. मला वाटलं, निघालो. त्या ताडपत्रीबाहेर गेल्या आणि समोरच्या गल्लीत कुठं खोली आहे का ते विचारू लागल्या. हिंदी त्यांना धड येत नव्हती, तेलुगू मुळीच नाही. तरी दिवस मावळायच्या आत त्यांनी दोघींसाठी भाड्याची खोली ठरवली. रेणुकाबाई नावाच्या मराठी बाईचं घर, मागच्या अंगाला एक खोली, नळ बाहेर. मी म्हटलं, आत्याबाई, मास्तरांना काय सांगू? त्या म्हणाल्या, "सांग, मी जिल्ह्यालेच हाये." मी एकटी बसमध्ये बसले. मला रडायला यायला हवं होतं. मी वाटभर तिकीट हातात धरून बसले आणि आसिफाबाद कधी गेलं ते कळलंही नाही.

मास्तरांनी घर बांधलं. थांबा म्हटलं तरी थांबले नाहीत. एकदा घर उभं राहिलं की माय येईल, हा एकच हेका. घर पाहावं बांधून म्हणतात, ते मी रोज सिमेंट मोजून पाहिलं. दारावर संगमरवरी पाटी लावली, 'जयवंता निवास'. मागची खोली मोठी ठेवली, दोन खाटांची. तिथं खिडकीतून कलेक्टर कचेरीचा झेंडा दिसतो. बाजार मात्र अजून दोन मैलांवर आहे.

वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला आम्ही दोघं आदिलाबादला गेलो. मास्तरांनी आईसाठी पैठणी काठाचं लुगडं घेतलं होतं, मावशीलाही तसंच. स्वतःच्या आईला तिच्याच घरी यायचं आमंत्रण कसं द्यायचं, ते त्यांना कळेना. ते खोलीच्या उंबऱ्यावर अवघडून बसले. आतमध्ये दोघी बहिणी मेथी निवडत होत्या. एकीनं निवडायची, दुसरीनं बोटांनी चाचपून खडा काढायचा. आत्याबाई वाळल्या होत्या, पण बोलत मात्र खूप होत्या. इतकं बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"माय, पूजेले तुमी दोघीबी या," मास्तर म्हणाले. "मी गाडी पाठवतो."

"मी येईन. दिवसाची येईन आन् दिवसाची जाईन," आत्याबाई म्हणाल्या. "रात्री हिले सोबत लागते."

"मंग मावशीलेबी..."

"नको रे बापू," बयनाबाई म्हणाल्या. "मी घर राखतो."

त्या भाड्याच्या खोलीला त्या घर म्हणाल्या. इतक्यात मालकीण रेणुकाबाई पाणी घेऊन आल्या. त्यांनी लुगडी पाहिली, मास्तरांचा इस्त्रीचा शर्ट पाहिला, माझ्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. बिचाऱ्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "जयवंताबाई, एवढा चांगला लेक हाये, सून हाये. मंग या वयात भाड्यानं काऊन राह्यता? सोताचं घर नाही का कुठं?"

आत्याबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"हाये ना," त्या म्हणाल्या. "पन थे दुसऱ्या जिल्ह्यात येते."