आबांच्या मुठीचा चमचा

माझी वहिनी एका कारखान्यात भांड्यांची डिझाइनं करते. मी तिची नणंद, त्यामुळे तिच्या कामात खोट काढणं हा माझा हक्कच. पण तिच्या या चमच्यापुढे माझीही बोलती बंद झाली होती. त्याची मूठ उकळत्या पाण्यात मऊ होते, जरा निववून हातात धरली की त्या हाताचा आकार घेते आणि तशीच घट्ट होते. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या वडिलांचा, आबांचा, उजवा हात आखडला, तेव्हा वहिनीने पहिला चमचा त्यांच्यासाठीच केला. आबा आपल्या हाताने जेवू लागले.

हल्ली मात्र चमचा त्यांच्या हातून निसटायचा. हात पुन्हा जातोय, असंच आम्ही धरून चाललो होतो. मी परत भरवायला बसू लागले. त्यातच एका मोठ्या दुकानाचा खरेदी अधिकारी आबांना जेवताना बघायला येणार होता. दुकानात चमच्यांचा ढीग पडलाय, तुमचा वेगळा कसा ते दाखवा, असं त्याचं म्हणणं.

पाहुणा येणार म्हणून मी चमचा चांगला खळखळ उकळून काढला. बाहेर आला तो सरळसोट. उकळलं की मूठ मूळ आकारावर जाते, हे वहिनीने दहादा सांगितलं होतं, पण नणंदा कधी ऐकतात का? अधिकारी येऊन बसलेला, आणि माझं तोंड एवढंसं झालं.

वहिनी चिडली नाही. तिने मूठ पुन्हा गरम केली, निववली आणि आबांना जमेल तशी धरायला सांगितली. घट्ट झाल्यावर हातात घेऊन ती बघतच राहिली. जुन्या मुठीवर नुसता आवळलेला मुटका उमटला होता. इथे चारही बोटं सुटी दिसत होती, अंगठासुद्धा.

"हात जात नाहीये," ती म्हणाली, "सुटतोय. जुनी मूठच त्यांना अडवत होती."

हात बदलला की चमचाही बदलतो का, असं अधिकाऱ्याने दोनदा विचारलं. दुकानाची मागणी त्याने तिथेच नक्की केली म्हणे. माझं लक्ष नव्हतं, मला रडू येत होतं. सवयीने मी सुपाची वाटी घेऊन आबांशेजारी बसले. त्यांनी ती आपल्यापुढे ओढली.

"तू ऊठ आता," आबा म्हणाले. "तुझं जेवण राहिलंय."