श्रीरंगचा हात आणि माझा नॉब

मित्रांनो, मी एक जुना ऑटो-वा पेडल आहे, म्हणजे गिटारचा सूर वळवणारा छोटा डबा. गिटारवाल्याच्या पायाशी असतो, पण माझा सगळा जीव त्याच्या हातात. तार जोरात छेडली की माझे तोंड उघडते आणि सूर ‘वा’ म्हणतो. हलकी छेडली तर नुसते ‘वू’. किती जोराला तोंड उघडायचे, हे माझा सेन्सिटिव्हिटीचा नॉब ठरवतो. स्वस्थ बसणे माझ्या स्वभावातच नाही.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला बनवले. पुढे तीन घरे फिरलो, शेवटच्या घरी तळघरात सहा वर्षे धूळ खात पडलो. किती तळमळलो म्हणून सांगू! मग फ्लोमार्क्टमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, श्रीरंगने मला उचलले. तो डार्मश्टाटला पीएचडी करतो.

त्याला सवड फक्त रविवारी, आणि इथे रविवारी दिवसभर रूहेत्साइट, आवाज करायचा नाही. शेजारच्या बाईंनी एकदा दारावर चिठ्ठी लावली, तेव्हापासून तो तारांना चोरासारखा हात लावी. तेवढ्याने माझे तोंड उघडेना, म्हणून त्याने माझा नॉब शेवटपर्यंत पिळला. मग जमले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत एका गाण्याला मला घ्यायचे ठरले.

आदल्या दिवशी हॉलमध्ये तालीम होती. ढोलकी रंगात आली, श्रीरंगनेही हात मोकळा सोडला आणि माझे तोंड उघडले ते मिटेचना! आ वासून नुसता किंचाळत राहिलो. सगळे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

गाणारी अपूर्वा म्हणाली, “श्रीरंग, आल्झो, म्हणजे बघ, उद्या रिस्क नको. काढ ना ते.”

“घरी मस्त वाजत होतं गं. जाऊ दे, विकूनच टाकतो,” म्हणत त्याने माझी वायर उपसली. पुन्हा तळघर!

भारतातून लेकीकडे आलेल्या शोभनाकाकू हार्मोनियमवर होत्या. त्या म्हणाल्या, “थांब. घरी वाजवतोस तसं वाजव बघू.”

त्याने वायर जोडून हलकेच वाजवले. मी शहाण्यासारखा वागलो.

“अरे, घरी तू शेजारणीला घाबरून वाजवतोस. त्याचं खापर डब्यावर कशाला? इथे वाजवतोस त्या हाताला जुळवून लाव की त्याला.”

मग तो जोरात छेडत राहिला आणि नॉब हळूहळू मागे घेत गेला. पाव भागावर आला तेव्हा कुठे माझे तोंड मिटले.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर मात्र त्याला कालचे हसणे आठवले आणि हात पुन्हा दबकला. आता माझे तोंड उघडेना. मी आतल्या आत तडफडत होतो. अरे, मार ना! काकूंनी भाता हलवता हलवता मान वळवली. “मोकळा वाजव रे. इथे कोण चिठ्ठी लावणार आहे?”

श्रीरंग हसला आणि त्याने तारेवर हात मारला. मी उघडलो, मिटलो, पुन्हा उघडलो. अपूर्वाने वळून पाहिले आणि फक्त आमच्यासाठी ती ओळ पुन्हा घेतली.

मित्रांनो, आम्हाला लावताना दबकू नका. ज्या हाताने चारचौघांत वाजवणार, त्याच हाताने लावा. आणि बिनसलेच, तर आम्हाला विकायला काढण्याआधी एकदा नॉब उलटा फिरवून बघा, एवढीच विनंती.