वाडीने ऐकलेले सात हंडे

गिरगावातल्या त्या वाडीत रविवारी दुपारी जेवढी माणसं जमली, तेवढी आदल्या आठवड्यात समितीच्या सभेलाही नव्हती. अंगणात धातुनाथ महाराज उभे होते. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला ताटाएवढी चकती, खांद्याला हिरवी लोखंडी पेटी आणि कानांवर हेडफोन. लढाईत सुरुंग शोधायचं असलं यंत्र चोरबाजारात भंगाराच्या भावात मिळतं, हे वाडीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. पण ते भगव्या कफनीवर चढल्याबरोबर त्याचं नारदयंत्र झालं होतं.

चकती तुळसाच्या दारातून आत गेली आणि चुलीच्या जागेवर थांबली. महाराजांना कंप सुटला.

"बोलतोय," ते म्हणाले. "मोहरांचे सात हंडे. या बाईची सावली पडते म्हणून वर येत नाहीत."

तुळसा कोळीण भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून विकायची. तळमजल्यावरच्या त्या एका खोलीत तिची वीस वर्षं गेली होती. घरमालक श्यामकांतराव ती खोली रिकामी करून घ्यायला दोनदा कोर्टात गेले आणि दोनदा हात हलवत परत आले. जे कायद्याला जमलं नाही, ते आता हंडे करणार होते. दिवेलागणीच्या आत खोली मोकळी करायची, मग खोदायचं, आणि जे निघेल त्यात घरटी वाटा, असं श्यामकांतरावांनी जाहीर केलं होतं. वाटा म्हटल्यावर चार हात लगेच पुढे झाले. तुळसाची चूल, मासळीची पाटी आणि कोयता अंगणात येऊन पडलेसुद्धा.

महाराज मात्र उदार होते. ज्याचं मन शुद्ध त्याला हंडा ऐकू येईल, असं सांगून त्यांनी हेडफोन फिरवायला दिला. पहिला मान बाबुरावांचा. फाउंटनला मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा हे बाबुराव छाती काढून उभे राहिले होते. इथे त्यांनी घाम पुसला आणि शंख ऐकू येतो म्हणाले. राधाबाईंना बांगड्या ऐकू आल्या. संस्कृत शिकवणाऱ्या मास्तरांना मंत्र ऐकू आला, तोही शुद्ध उच्चारांचा. आपलं मन मळकं आहे असा दाखला चारचौघांत कोणाला हवा होता? फक्त तुळसाला कोणी हेडफोन दिला नाही.

मग तो सुमती विजयकरच्या हातात आला. सुमती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. सहा वर्षं रोज आठ तास तिच्या कानांवर हेडफोनच असायचा. तिने तो लावला, दाबून पाहिला, पुन्हा लावला.

शंख नव्हता याचं तिला नवल वाटलं नाही. पण काहीच नव्हतं. जिवंत तार कधीच इतकी गप्प नसते. कोणी बोलत नसलं तरी ती खरखरते, गुणगुणते. ही मेलेली होती.

अंगण तिच्या तोंडाकडे पाहत होतं. तुळसाही पाहत होती.

"काय गं, बांगड्याच ना?" राधाबाईंनी विचारलं.

"मला काही ऐकू आलं नाही," सुमती म्हणाली. "माझंच मन अशुद्ध असेल. महाराज, तुम्हीच ऐकून सांगा. पेटी जड आहे, मी धरते."

महाराज प्रसन्न झाले. हेडफोन चढवून त्यांनी डोळे मिटले आणि एकेक हंडा मोजू लागले. तिसऱ्या हंड्याला सुमतीने पेटीचं बटण बंद केलं. पाचव्याला झाकण उघडून आतली बॅटरी काढली आणि सगळ्यांना दिसेल अशी हातात उंच धरली. सहावा हंडा रत्नजडित निघाला. सातव्यावर नागोबा फुत्कारत होता.

अंगणात कोणी खोकलंसुद्धा नाही. त्या शांततेनेच महाराजांनी डोळे उघडले.

श्यामकांतराव तेवढ्यात पुढे झाले. "दैवी शक्तीला बॅटरी कशाला लागते?"

"मग पेटी तरी कशाला आणलीत, काका?"

बॅटरी परत बसवून सुमतीने हेडफोनची पिन उपसली. असल्याच पिना ती दिवसभर बोर्डात खुपसायची. पिन टेलिफोनची होती, पेटी लष्कराची. पेटीचं भोक रुंद, पिन बारीक. आत ती नुसती लोंबत होती, धातूला धातू नीट टेकतच नव्हता. एकाचा हेडफोन दुसऱ्याच्या गळ्यात बांधला होता आणि आजवर एकाही भक्ताने तक्रार केली नव्हती.

तिने बाबुरावांकडून सिगारेटच्या पाकिटातली चांदी मागून घेतली. पिनेचं टोक मोकळं ठेवून मागच्या बाजूला चांदी घट्ट गुंडाळली, पिन आत दाबली, बटण लावलं. कान लावून पाहिलं आणि हेडफोन सरळ तुळसाच्या डोक्यावर ठेवला.

"काय ऐकू येतं?"

तुळसाने बराच वेळ ऐकलं. "नुसतं गुणगुणतंय गो बाय. दुसरं काय नाय."

सुमतीने चकती अंगणातल्या कोयत्यावर नेली. तुळसा दचकली. "आता वरडतंय."

दाराच्या खिळ्यांवर नेली, तिथेही ओरडलं. मग चुलीच्या जागेवर नेली. सगळी वाडी तुळसाच्या तोंडाकडे पाहू लागली. ती खोटं बोलेल असं कोणाला वाटू नये म्हणून सुमतीने हेडफोन काढून बाबुरावांना दिला.

बाबुरावांनी चकती स्वतः फिरवली, तीनदा. "नुसती गुणगुण," ते म्हणाले. "खाली काही नाही."

"आणि मघाचा शंख?" सुमतीने विचारलं.

बाबुरावांनी खाली पाहिलं. "सगळ्यांना ऐकू येईल, मलाच येणार नाही, असं वाटलं."

एवढाच काय तो चमत्कार होता. लोखंडाजवळ ओरडणारी एक पेटी, तिला न बसणारी एक पिन, आणि शेजाऱ्याला काय वाटेल या भीतीने शंख फुंकणारी माणसं. लोकांना फसवायला महाराजांना यंत्र चालू ठेवण्याचीही गरज पडली नाही. त्यांचं काम आपणच करून दिलं. तेव्हा उद्या तुमच्या दारात कोणी असा आला, तर त्याच्या कफनीकडे पाहू नका. त्याची पिन कुठे लागली आहे ते पाहा. आणि ऐकू आलं नाही, तर नाही आलं म्हणा. पहिल्या माणसाने तेवढं म्हटलं असतं, तर एका बाईची चूल अंगणात आली नसती.

महाराज पेटी टाकून वाडीबाहेर पडले होते. त्यांना बोलावलं कोणी, हे विचारायला बाबुरावांनी वर पाहिलं, तर माडीवरचं श्यामकांतरावांचं दार लागलेलं. मग फाउंटनच्या त्या शूराने वाकून चूल उचलली.

"कुठे ठेवू, तुळसाबाई?"

"व्हती तिथंच," तुळसा म्हणाली.