भाऱ्याची गाठ, सईच्या कमरेला

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. घायपाताचा, तीन पेडांचा. आटपाडीच्या हरणाबाईंनी मला वळले आणि बाजारात कुंडलच्या आकारामने विकत घेतले.

आकारामच्या शेतावर मी कडब्याचे भारे बांधले. तो माझ्या एका टोकाला फास करायचा आणि दुसरे टोक त्यातून ओढायचा. जितके ओढावे तितका भारा घट्ट! "आकारामच्या भाऱ्यातनं धाट निसटत न्हाई," असे लोक म्हणत आणि मीही फुगून जाई. आज ती फुशारकी आठवली की अंगावर काटा येतो.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात आकाराम आपल्या लेकीला, सईला, पोहायला शिकवायला विहिरीवर घेऊन गेला. त्याने मला तिच्या कमरेला बांधले. हाताची सवय, दुसरे काय! तीच भाऱ्याची गाठ. सईने उडी मारली आणि गटांगळी खाल्ली. घाबरून आकारामने मला ओढले, तसा मी सरकून तिच्या बरगड्यांवर आवळलो. अरे देवा! माझ्या विळख्यात पोरीचा श्वास अडकला होता. तो वाचवायला ओढत होता आणि मी तिला गुदमरवत होतो. मला तोंड असते तर मी किंचाळलो असतो.

"आवं, ढिला सोडा! पोरगी निळी पडलीया!" सईची आई पद्मा पायऱ्यांवरून ओरडली आणि नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरली.

"सोडलं तर बुडंल गं!" आकारामची मूठ उघडेना.

"मी धरलीया तिला. सोडा!"

त्याने सोडले. पद्माने फासात बोटे घालून मला सैल केले. सई खोकली, मग मोठ्याने रडली.

पुढे विहिरी खणणाऱ्या गड्यांकडून तो न सरकणारी गाठ शिकला. दोरावर छोटा वेढा, कमरेभोवतून आणलेले टोक त्यातून वर, उभ्या दोरामागून फिरवून पुन्हा त्याच वेढ्यात खाली. सई मात्र मला पाहताच घरात पळायची.

"आधी तुमी बांधून घ्या, आबा," ती एके दिवशी म्हणाली.

आकारामने मला ती नवी गाठ मारून आपल्या कमरेला बांधले आणि तो हात वर करून उभा राहिला. तिने दोन्ही हातांनी मला ओढले. मी सरकलो नाही. मगच ती पाण्यात उतरली.

आता माझा एक पेड तुटला आहे. सईनेच मला गोठ्यातल्या खुंटीवर टांगले आणि भिंतीवर कोळशाने लिहिले, 'माणसासाठी नाही'. मित्रांनो, दोर तपासा, गाठ ओढून पाहा, आणि भिंतीवरची ती अक्षरे कधी पुसू नका.