मिशनमधून आलेली ताई

धाकटीने दोरीवरचा टॉवेल ओढला, तोंड पुसायला वर नेला आणि तशीच थांबली. कोपऱ्यात लाल दोऱ्याने दोनाचा आकडा भरला होता. शेजारच्या टॉवेलवर एक होता, पलीकडच्यावर तीन.

"हे काय आता?"

"आकडे घातले," ताई म्हणाली. "म्हणजे धुण्यात अदलाबदल होत नाही. मिशनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांवर असायचे."

"तिघी तर राहतो आपण. अदलाबदल कुणाची होणार?"

पलंगावर बसलेल्या आईने हात पुढे केला. टॉवेल डोळ्यांजवळ नेऊन तिने टाक्यांवरून बोट फिरवलं.

"किती सुबक गं," ती ताईला म्हणाली. मग धाकटीकडे वळली. "शीक जरा. तुला मेलीला साधं बटण लावता येत नाही. आज लावलंस की उद्या माझ्या हातात."

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड न पुसताच तिने टॉवेल परत दोरीवर टाकला.

वडील गेले तेव्हा ती अंगावर पीत होती, म्हणून आईजवळ राहिली. ताई चालतीबोलती होती, म्हणून तिला चर्चच्या बालगृहात ठेवलं. थोडे दिवस म्हणून ठेवलेली ताई तिथेच वाढली, तिथल्या उद्योगशाळेत शिवण शिकली, इस्पितळांच्या चादरींना काठ घालत मोठी झाली आणि पुढे तिथल्याच मुलींना शिकवू लागली. यंदा मिशन बंद पडलं. उरलेल्या सिस्टर दुसरीकडे गेल्या आणि ताई एक ट्रंक घेऊन दारात येऊन उभी राहिली.

तेव्हापासून घरात तिचंच राज्य होतं, आणि वर ते नकोच असल्यासारखं तिचं वागणं. पाणी घेऊ का, खिडकी उघडू का, आता झोपू का. धाकटीला ही सगळी नाटकं वाटत. आईच्या दुखण्याखुपण्यात खस्ता खाल्ल्या कुणी? लग्नाचं वय कुणाचं सरलं या पलंगाच्या उशाशी? आणि आता दुधावरची साय ताईच्या कपात, खिडकीजवळची जागा ताईला आणि कौतुकही ताईचंच. धाकटीला हेवा वाटत होता. या वयात आपण सख्ख्या बहिणीचा हेवा करतो याची लाजही वाटत होती, पण लाजेने हेवा काही तसूभर कमी होत नव्हता.

औषधांच्या दुकानात तिची सकाळची पाळी होती. डबा घ्यायला ती स्वयंपाकघराच्या दाराशी आली. शेगडीवर दूध चढत होतं आणि ताई हात मागे बांधून त्याच्यासमोर उभी होती. दूध काठाशी आलं, फुगलं. ताई नुसती बघत राहिली. दूध उतू गेलं, ओट्यावर पसरलं, खाली फरशीवर आलं.

"काय गं सांडलं?" आईने आतून विचारलं.

"दूध उतू गेलं," ताई मोठ्याने म्हणाली. "माझ्यामुळे." आणि आतल्या खोलीकडे कान देऊन उभी राहिली.

"असू दे हं बाळा. भाजलं नाही ना कुठे?" मग लगेच आईचा आवाज चढला. "आणि कार्टे, तू कुठे उलथली होतीस? तिला एकटीला दुधापाशी उभं करतात का?"

धाकटीने आत येऊन गॅस बंद केला.

"मुद्दाम केलंस. मी पाहिलं."

"हो."

"मला बोलणी बसावीत म्हणून?"

"मला बसतात का ते बघत होते."

धाकटीला काही कळेना. ताई फरशीकडे बघत हळूहळू बोलू लागली.

"आई भेटायला यायची ना मिशनमध्ये, तेव्हा मध्ये टेबल असायचं. जेवतेस ना, बरी आहेस ना, एवढंच विचारायची. मी पाटी फोडली म्हणून सांगितलं तरी म्हणायची, असू दे हं बाळा. मग घंटा व्हायची. अजून तशीच बोलते माझ्याशी. तुला मेली म्हणते, कार्टी म्हणते. मी पडल्या पडल्या ऐकत असते. जळते गं मी तुझ्यावर. आले त्या दिवसापासून."

धाकटीला हसू आलं. जवळ घ्यावं असं वाटलं, पण दोघींना त्याची सवय नव्हती. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" ती म्हणाली. "पातेलंभर दूध घालवलंस. आता चहात काय घालू, तुझं डोकं? आणि उभी काय राहिलीस खांबासारखी? फडका घे. तो कोरडा नाही, ओला घे. एवढी घोडी झालीस, फरशी पुसायची अक्कल नाही."

ताई फडका घेऊन खाली बसली. तिचे कान लाल झाले होते. ती भराभरा पुसू लागली.

"अगं, तिला कशाला बोलतेस?" आई आतून ओरडली. "आलेल्या माणसाशी असं बोलतात का?"

ताईने मान वर केली नाही. बादलीत फडका पिळत ती म्हणाली, "आई, तू गप्प बस जरा. आमचं चाललंय ना."